चार तास दहा मिनिटं

३ फेब्रुवारी

छोट्या,

सुरुवातीला ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. कागद चांगला होता, फेकवेना, म्हणून त्याच्यावरच पुढे लिहितेय. वर जो निळा डाग दिसतोय तो तुझा ‘प्रिय’.

या जमान्यात पत्र कसलं लिहितेस, असं विचारशील. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आपल्या आईने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लोकांचे फोन जोडता जोडता ऐकायची जी सवय लागली ती तिच्याबरोबर निवृत्त झाली नाही. मी बाथरूमचं दार लावून कुजबुजले तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देते. मागच्या वेळी मी तुला “यंदा तरी ये” म्हटलं, तर तू तोंड उघडायच्या आत ती पलीकडून ओरडली, “त्याला कशाला छळतेस गं? लागलं तर चार तास दहा मिनिटांत येतोय तो!” आणि तू हसलास. ते हसू मी ऐकलंय आणि विसरणार नाहीये.

आता मुद्द्याचं. आमच्या डेंटल लॅबचे मालक दुसऱ्या शहरात शाखा काढताहेत. ती मी सांभाळावी, असं त्यांचं म्हणणं आहे. सहा महिने तिथे राहायचं, माणसं तयार करायची, मग इथून नाहीतर तिथून, मला हवं तसं चालवायचं. इतकी वर्षं मी मेण वितळवून आणि प्लास्टर घासून दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवतेय. माझे स्वतःचे मात्र ओठांआड ठेवलेत. पन्नाशी आलीय. पुन्हा कुणी विचारणार नाही. पंधरा एप्रिलला रुजू व्हायचंय आणि या महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

आईला एकटं ठेवता येत नाही. गुडघे, चार प्रकारच्या गोळ्या, आणि परवा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी बाई हॉलमध्ये पेपर वाचत बसलेली. म्हणजे सहा महिने तू इकडे यायचंस किंवा तिला तिकडे न्यायचंस. तिसरा रस्ता माझा शोधून झालाय, तो नाही.

आणि कृपा करून ते चार तास दहा मिनिटं मला ऐकवू नकोस. आई ते औषधाच्या दुकानात सांगते, पोस्टमनला सांगते. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा तीन गल्ल्या सोडून राहतो, दर रविवारी येतो. त्या बाईंना आई म्हणाली, “तुमच्या मुलाला बिचाऱ्याला ट्रॅफिक लागतं. आमचा हवेतून येतो, सरळ.” अकरा वर्षांत तू दोनदा आलास. त्यातल्या एकदा बाबा गेले म्हणून, आणि तेही तिसऱ्या दिवशी. चार तासांवरचा माणूस तिसऱ्या दिवशी पोचला आणि आई सगळ्यांना सांगत सुटली, विमान उशिरा सुटलं असेल. मीही मान डोलावली. बाप गेला त्या आठवड्यात कुणाशी वाद घालणार?

उत्तर लिही. फोन करू नकोस.

ताई

•

१४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईसाहेबांच्या सेवेशी,

निळा डाग पाहिला. फ्रेम करून लावावा म्हणतो.

शाखेबद्दल मनापासून अभिनंदन. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, पण तू तसंच वाचणार, तेव्हा दोन्ही धर.

आईवर कशाला चिडतेस? तिला माझ्या कामाचं कौतुक आहे, एवढंच. तू केलेल्या कवळ्या तिला कुणाला दाखवता येत नाहीत, त्या लोकांच्या तोंडात असतात. माझा आकडा सांगता तरी येतो. तुला माझं काम कधी नीट समजावलंच नाही मी, तू कधी विचारलंच नाहीस. आमच्या साइटवर जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाक, त्यांच्यातलं अंतर आणि प्रवासाचा वेळ पुढ्यात हजर. पृथ्वी गोल आहे, तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला की जे भरेल ते अंतर. त्याला विमानाच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. हे यंत्र करतं. खाली प्रवासाबद्दल चार ओळी असतात, त्या मी आणि माझी माणसं लिहितो. ‘या दोन शहरांमधला प्रवास सुखाचा आणि झटपट आहे’ वगैरे. लाखो पानं आहेत. गेल्या महिन्यात मला विभागप्रमुख केलं. आईला सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं नाही वाटतं?

तर याच कारणाने हे सहा महिने जरा कठीण आहेत. नवी खुर्ची आहे, लगेच उठून कसं चालेल. तू आईलाच बरोबर का नेत नाहीस? नाहीतर दिवसभराची एखादी बाई ठेव. अशा बाया मिळतात हल्ली, शिकलेल्या असतात.

आणि खरंच काही अडलं तर मी कुठे पळून चाललोय? चार तास दहा मिनिटं, ताई! तू एक कवळी घासून गुळगुळीत करेपर्यंत मी दारात उभा असेन.

तुझा (डागातला)
छोट्या

•

२४ फेब्रुवारी

छोट्या,

आज जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही. लॅबच्या कोपऱ्यावर तिकीटवाल्याचं दुकान आहे, तिथे गेले. म्हटलं, विभागप्रमुखांना वेळ नाही तर आपणच तिकीट काढून पाठवू. दोन्ही विमानतळांची नावं सांगितली आणि म्हणाले, चार तास दहा मिनिटंवालं विमान हवंय.

तो माणूस हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. थकलेल्या आवाजात म्हणाला, “बाई, दर आठवड्याला एक जण तरी हे मागायला येतो. असं विमान नाही. कधी नव्हतं.”

मग त्याने जे सांगितलं ते तुला लिहून पाठवतेय, तुमच्या साइटवर कुठे जागा असली तर लाव. आपल्या गावच्या विमानतळावरून तीन वर्षांत एकही विमान उडालेलं नाही. धावपट्टीवर मोटार शिकवणारे क्लासवाले पोरांना रिव्हर्स घ्यायला शिकवतात. तुझ्याकडे यायचं तर आधी बसने मोठ्या शहरात जायचं, तिथून विमान, मध्ये उतरून दुसरं विमान, पुन्हा उतरून तिसरं. घरातून निघाल्यापासून तुझ्या दारात पोचेपर्यंत एक दिवस आणि वर काही तास. तेही सगळं वेळेवर सुटलं तर!

म्हणजे तू दोरा ताणलास. पृथ्वीवर, डोंगरांवरून, समुद्रावरून, माझ्या डोक्यावरून. त्या दोऱ्यावरून कुणी येतंजातं का, हे बघायची तुला गरज वाटली नाही. आमच्याकडे तोंडाचा ठसा न घेता अंदाजाने कवळी केली तर म्हातारा माणूस आठवडाभर उपाशी राहतो आणि मग मुलाला घेऊन भांडायला येतो. तुझ्याकडे कोण येतं भांडायला? ‘सुखाचा आणि झटपट’ म्हणे. लिहिणाऱ्याचे हात झडले कसे नाहीत?

आणि तुला हे ठाऊक होतं. दोनदा आलास ना तू इकडे? मधल्या विमानतळांवर बाकड्यांवर लवंडला असशील ना? तरी दर फोनला चार तास दहा मिनिटं. बाबांच्या वेळी तू तिसऱ्या दिवशी का आलास ते आज दुपारी तिकीटवाल्याच्या दुकानात कळलं मला. तुला यापेक्षा लवकर येताच आलं नसतं. एवढं सरळ सांगितलं असतंस तर मी चार वर्षं तुझ्यावर धुमसत बसले नसते. आता नव्या कारणासाठी धुमसेन.

आईला यातलं काही बोललेले नाही. मालकांना होकार कळवलाय. पंधरा एप्रिलला मी जाणार. तू ये, नाहीतर जगाला सांग की माझ्या आईला मी दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधून ठेवलंय.

ताई

•

७ मार्च

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा राग आला. त्यातलं रागाचं तेवढं लिहितो.

आकडा खोटा नाही. तो अंदाज आहे. पानाच्या तळाशी ‘प्रत्यक्ष वेळ वेगळी असू शकते’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अक्षर बारीक आहे, मान्य.

मी तो आईला का सांगितला, हे एकदा तरी विचार. इकडे आल्यावर पहिलं वर्षभर ती फोनवर बोलायचीच नाही, नुसती रडायची. ‘किती लांब गेलास रे’ एवढं एकच वाक्य. एक दिवस मी ऑफिसात बसून आपली दोन शहरं टाकली आणि आलेला आकडा तिला वाचून दाखवला. तिचं रडं थांबलं. पुढच्या फोनला तिनेच मला तो सांगितला, जसा काही मी विसरलो होतो. त्यानंतर मी काय करायला हवं होतं? ‘आई, तू परत रड’ म्हणायला हवं होतं?

आणि फार सोज्वळपणाचा आव आणू नकोस. मी आईला इकडे बोलावलं नाही असं तू सगळ्यांना भासवतेस. तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा फोन तुझ्या हातात होता आणि तिन्ही वेळा तू म्हणालीस, “तिला झेपणार नाही.” तिला विचारलंस? एकदा तरी? तुला तिला सांभाळायचंही आहे आणि सांभाळते म्हणून कपाळाला हातही मारून घ्यायचाय. दोन्हीचा मान तुलाच हवा.

तर ऐक. पाठव तिला. सहा महिने काय, वर्षभर ठेवतो. खोली आहे, खिडकी आहे, लिफ्ट आहे. तुझ्याच्याने पाठवणं व्हायचं नाही, हे मला माहीत आहे. पण बोलण्यापुरतं तरी माझ्या बाजूने राहू दे.

छोट्या

•

१७ मार्च

छोट्या,

तिकीट काढलं.

घाबरलास ना? पत्र हातातून पडलं असेल तर उचल आणि पुढचं वाच. चोवीस तारखेला मी तिला बसने मोठ्या शहरात नेईन, पंचवीसला सकाळी विमानात बसवीन. मध्ये दोन ठिकाणी विमान बदलायचंय. दोन्हीकडे चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय. सव्वीसला सकाळी ती तुझ्याकडे उतरेल. वेळेच्या आधी जाऊन उभा राहा. गोळ्यांच्या डब्यावर चिकटपट्ट्या लावल्यात. तिला एकच मऊ उशी लागते. दोन दिल्यास तर दुसरी जमिनीवर फेकते, त्याला ती रागावली असं समजू नकोस.

मी तिला विचारलं. हो, विचारलं, तू म्हणालास तसं. ती लगेच “जाईन की” म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं.

आता तुझं काम. दोन विमानं बदलायचीत हे ती ऐकून घेत नाही. तिकीट डोळ्यांसमोर धरलं तर म्हणते, “छापणाऱ्याची चूक आहे. तिकीटवाल्याला काय कळतंय, आपल्या पोराचं खातं आहे ते.” मी खरं सांगितलं तर मी जळते असं होतं. तेव्हा तू फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग: चार तास दहा मिनिटं हे नाही, इतके तास लागतात, दोनदा उतरायचं, दोनदा बसायचं. मी त्या वेळी मुद्दाम बाहेर जाईन. तुझ्या तोंडून बाहेर पडलेलं तुझ्याच तोंडून आत जायला हवं.

हे विसरू नकोस. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, सवय आहे.

ताई

•

२९ मार्च

छोट्या,

तिथे विमानतळावर सगळ्यांसमोर जेवढं बोलले ते पुरेसं नव्हतं, म्हणून उरलेलं लिहितेय.

तू तिला सांगितलं नाहीस. फोन केलास, वीस मिनिटं बोललास, हवामान सांगितलंस, लिफ्टचं कौतुक केलंस आणि शेवटी म्हणालास, “आई, तू निवांत ये, मी घ्यायला उभा आहेच.” हे मला आईने आनंदाने सांगितलं, मोठ्या शहराच्या बसमध्ये. मी विचारलं, विमानं बदलायचं काही बोलला? म्हणाली, “काही नाही बोलला. म्हणजे नसेलच.”

त्यात नशीब असं की पहिल्या विमानाला चार तासच लागतात. ती उतरली, घड्याळ पाहिलं आणि पोचले असं समजून बाहेर पडली. खुर्चीवाला शोधत राहिला. पुढचं विमान सुटून गेलं. आपली आई, एकोणऐंशी वर्षांची, परक्या विमानतळाच्या हॉलमध्ये पिशवी मांडीवर घेऊन तुझी वाट बघत बसली. फोन बंद. तिच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणून तिथल्या एका गणवेशातल्या मुलीने मला कळवलं. मी दुपारच्या परतीच्या बसच्या रांगेत होते. तशीच विमानतळावर परत गेले, मिळालं त्या विमानात बसले. संध्याकाळी पोचले. तू दुसऱ्या दिवशी दुपारी उगवलास आणि आल्या आल्या मलाच ओरडलास. मग मी काय बोलले ते तुला पाठ असेल, तिथल्या सफाईवाल्यालाही झालं असेल. आई मध्ये बसून एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे, टेनिसचा सामना बघावा तशी बघत होती.

मी तिला घरी आणलंय. येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. घरी आल्यापासूनही हो, नाही, नको, एवढंच. मला स्पष्ट दिसतंय, तिचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. एक माणूस एवढे तास एका जागी बसून राहतो आणि कुणाला काही विचारत नाही, म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगायची गरज नाही. या बाईला मी कुणाच्या भरवशावर टाकू? तुझ्या?

या आठवड्यात मालकांना सांगेन, जमत नाही. आईमुळे. जन्मभर हेच एक वाक्य माझ्या तोंडात बसवून दिलंय कुणीतरी, काढताच येत नाही. तुझं अभिनंदन. तुझ्या आकड्याने माझी शाखा खाल्ली.

या पत्राला उत्तर नको.

ताई

•

२ एप्रिल

दोघांना,

मजकूर एकच आहे. मध्ये कार्बन घातलाय. वरची प्रत कुणाला आणि खालची कुणाला मिळाली, यावरून भांडू नका. छोट्याची टपालाने जाईल. ताईची मी तिच्या दाराखालून सरकवणार आहे. ती पलीकडच्याच खोलीत आहे, पण तिच्याशी बोलायला गेलं की ती माझं वाक्य पुरं करते आणि चुकीचं पुरं करते. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही.

तुमची पत्रं मी वाचलेली नाहीत. मला फोन ऐकायची सवय आहे, टपाल उघडायची नाही. पण त्या हॉलमध्ये तुम्ही दोघांनी ती एकमेकांना इतक्या मोठ्याने ऐकवलीत की वाचायचं काही उरलं नाही.

विमान उतरलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. चार तास आणि वर थोडी मिनिटं. मला वाटलं, बघा, लोक उगाच बोलतात. बाहेर येऊन बसले. थोड्या वेळाने ती गणवेशातली मुलगी आली. “आजी, कुणाची वाट बघताय?” मुलाची. “कुठे राहतात?” मी शहराचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “आजी, ते अजून दोन विमानं पुढे आहे.” मी तिला म्हणाले, “तू कामावर नवीन आहेस का गं? माझा मुलगा ठरवतो या वेळा-बिळा.” ती हसली नाही. माझ्याशेजारी बसली, तिकिटाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, मग फोनवर नकाशा दाखवला. ती बोटाने नकाशा पुढे सरकवत राहिली आणि छोट्याचं शहर येईचना.

पुढचं विमान सुटायला तासाभराहून जास्त अवधी होता. खुर्ची आणते, बसवून देते, म्हणाली.

मी नको म्हटलं.

हे नीट वाचा, विशेषतः पलीकडच्या खोलीत. मी हरवले नव्हते. गोंधळले नव्हते. डोकं जागेवर होतं आणि चांगलंच तापलेलं होतं. बाबा गेले तेव्हा छोट्या तिसऱ्या दिवशी आला आणि चार वर्षं मी दारोदार सांगत फिरले, विमान उशिरा सुटलं. खालच्या बाईंना मी त्यांच्या मुलावरून बोलले. त्या बाई गप्प बसल्या. त्यांना ठाऊक असणार, सगळ्यांनाच ठाऊक असणार. मला म्हातारीला खुश ठेवायला सगळं गाव मान हलवत होतं. अरे, रडत होते तर रडू द्यायचं होतंस. रडणं माझं होतं. ते तू तुझ्या सोयीने बंद केलंस.

मग मला बघायचं होतं, तुम्ही माझ्यापासून खरोखर किती लांब आहात. म्हणून फोन बंद केला आणि बसून राहिले. त्या मुलीला म्हटलं, माझ्या मुलीला कळव, ती मुलाला कळवेल, मी इथेच आहे.

ताई संध्याकाळी आली. तिचं पहिलं वाक्य, “आई, तू माझं असं का केलंस?” छोट्या दुसऱ्या दिवशी आला. त्याचं पहिलं वाक्य, “ताई, तू हिला एकटीला पाठवलीसच कशी?” ते तर माझ्याशी नव्हतंच. तुम्ही दोघंही माझ्या खुर्चीपर्यंत पोचलात, पण माझ्यापर्यंत कुणी पोचलं नाही. रात्री पांघरूण आणि सकाळी चहा त्या परक्या मुलीने दिला.

आता कामाचं.

ताई, काल मी तुझ्या लॅबमध्ये गेले होते. बसने गेले, एकटी. मालकांना विचारलं, माझी मुलगी कधी रुजू व्हायची आहे? ते ओशाळले. म्हणाले, त्यांनी काल नकार दिला, तुमच्यामुळे. यापूर्वीही दोनदा मोठं काम देऊ केलं होतं, तेव्हाही तुमच्यामुळेच. मी त्यांना म्हटलं, मी तिला कधी थांब म्हणाले? कुणासमोर म्हणाले? मला तर हे आजच कळतंय. गॅस मी एकदा विसरले, तुझ्या तोंडी तो रोज विझतो. भाऊ माझ्या नावावर आकडा खपवतो आणि बहीण माझ्या नावावर नकार. तुझी भीती तुझ्या नावावर लाव. मी मालकांना सांगून आले, ती पंधराला येतेय. आता नाही म्हणायचं असेल तर पुन्हा जाऊन म्हण, पण स्वतःचं कारण घेऊन जा.

छोट्या, तू इकडे येणार आहेस. सहा महिने. तुझं काम कुठल्याही खोलीत बसून होतं, हे तूच मला कौतुकाने सांगितलंयस. मला सांभाळायला ये, असं समजू नकोस. मी किती लांब आहे ते तुला अजून माहीत नाही, ते बघायला ये. आल्यावर किती तास लागले हे मला सांगायचं नाही. आता कुणाच्या तोंडून तासाचा आकडा ऐकला तर मी दार लावून घेईन.

उत्तर लिहू नका. दोघांनीही.

आई

•

३ मे

ताई,

उत्तर लिहायची बंदी आईला लिहिण्यापुरती आहे, असा मी अर्थ काढलाय. तू तिकडे रुजू झालीस, हे मालकांकडून कळलं. तू मला कळवणार नव्हतीसच.

मी आलो. किती तास लागले ते सांगायला मनाई आहे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या दोन शहरांचं पान उघडलं आणि आकड्याच्या जागी लिहिलं, ‘या दोन विमानतळांमध्ये विमान जात नाही.’ साहेबांनी ते काढायला लावलं. म्हणाले, असं एक वाक्य खरं लिहिलं की लोक बाकीच्या पानांबद्दलही विचारतात. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा माझी खुर्ची काढली. आता मी आधीसारखा खालच्या चार ओळी लिहितो. ‘सुखाचा आणि झटपट’ सोडून दिलंय, तेवढं बघून घे. आईला हे सांगितलं. वाटलं होतं, बरं म्हणेल. म्हणाली, “अकरा वर्षांनी?” आणि उठून गेली.

ऑफिसच्या मीटिंगा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातात. परवा साहेबांनी विचारलं, हे काम गुरुवारपर्यंत होईल का? मी ‘हो’ म्हणायच्या आत आतून आवाज आला, “नाही होणार, गुरुवारी त्याला मला डॉक्टरकडे न्यायचंय.” सगळे हसले. मी नाही हसलो.

गोळ्यांवरून रोज भांडण होतं. पांढरी घेतली म्हणते, पांढरी डब्यातच असते. दाखवली तर म्हणते, तूच परत ठेवलीस. दुसरी उशी मला वाटलं चुकून पडली, पाचव्यांदा पडली तेव्हा कळलं. गेल्या मंगळवारी मी तिच्यावर ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो की खालच्या बाई वर आल्या. दारात उभ्या राहिल्या, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आईने शांतपणे सांगितलं, “काही नाही हो. मुलगा घरी आहे.” त्या बाई मान हलवून निघून गेल्या. मला आईचा इतका राग कधी आला नव्हता. तिचा तरी होता का, तेही माहीत नाही.

दुपारी ती झोपली की मी जिन्यात जाऊन नुसता उभा राहतो. वरच्या पायरीवर भिंतीचा रंग हाताने घासून उडालेला आहे, खांद्याच्या उंचीवर, बरोबर तुझ्या उंचीला. आता मीही तिथेच टेकतो.

तू अकरा वर्षं हे कसं केलंस, ते मी विचारणार नाही. विचारलं तर तू सांगशील.

छोट्या